घरची बोट पहिल्यांदा तुमच्या नावावर होतेय? मग योजना, कागद आणि मत्स्यव्यवसाय खात्याशी तुटलेला भरवसा, सगळं एकदा वाचून घ्या

यंदा घरची बोट पहिल्यांदाच तुमच्या नावावर होणार असेल, किंवा मच्छीमार सोसायटीच्या कमिटीत "पोरं शिकलेली आहेत, घ्या त्यांना" म्हणून तुम्हाला घेतलं असेल, किंवा आईचे गुडघे दुखतात म्हणून बाजारात टोपलीमागे आता तुम्ही बसणार असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी रायगडच्या किनाऱ्यावरची. बाबांची दोन सिलिंडरची बोट, आई मावरं म्हणजे मासळी विकते, आणि मी गेली काही वर्षं आमच्या सोसायटीच्या लोकांचे फॉर्म भरून देते, त्यांच्यासोबत ऑफिसात जाते. त्यात जे शिकले ते इथे क्रमाने सांगते, पण क्रम थोडा इकडेतिकडे होईल तो समजून घ्या.

आधी एक गोष्ट बोलून टाकते. आपल्याकडे जेट्टीवर कुणालाही विचारा "सरकारी मदत मिळते का", तर पहिलं उत्तर येतं "कागद नेऊन नेऊन चप्पल झिजली". खोटं नाहीये ते. डिझेलचा परतावा वर्षानुवर्षं थकलेला आपण बघितलाय, वादळानंतर पंचनामा होतो आणि पैसे येईपर्यंत दुसरं वादळ येतं हेही बघितलंय. आणि खात्यातली माणसं काय म्हणतात तेही मी समोर बसून ऐकलंय, की तुमचे लोक पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत बोटी काढतात, लायसन रिन्यू करत नाहीत, आणि नुकसान झालं की मग सगळे एकदम येतात. दोन्हीकडचं थोडं थोडं खरं आहे. हा गाळ वर्षानुवर्षं साठलेला आहे, एका मिटिंगने जाणार नाही, पण आपल्या बाजूने तो उपसायला सुरुवात कागदापासून होते असं माझं पक्कं मत झालंय, आणि का ते पुढे सांगते.

पहिलं काम: कोण कुठला माणूस ते ओळखा

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त फिरतो. जेट्टी, ब्रेकवॉटर, गाळ काढणं हा विषय बराचसा मेरीटाईम बोर्डाकडे. बोटीचा मासेमारी परवाना, योजना, डिझेल कोटा हे मत्स्यव्यवसाय विभागाकडे, म्हणजे तालुक्याला परवाना अधिकारी आणि जिल्ह्याला सहाय्यक आयुक्त. समुद्रावर जाताना टोकन घ्यायचं ते बंदरावरच्या सुरक्षा रक्षकाकडून. वादळात घर किंवा बोट गेली तर महसूलचे लोक, म्हणजे तलाठी आणि तहसीलदारही त्यात येतात. जाळ्यात कासव अडकलं आणि जाळं कापून सोडलं तर त्याच्या भरपाईत वन विभागाचा कांदळवन कक्ष येतो (यावर पुढे मी बरंच बोलणार आहे). जेट्टीचं गाऱ्हाणं परवाना अधिकाऱ्यासमोर मांडून तासभर भांडलेली माणसं मी बघितलीत, दोघांचाही दिवस वाया.

आणि एक लक्षात ठेवा, आपल्या राज्यात पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात सागरी जिल्हे, आणि एकेका परवाना अधिकाऱ्याकडे कितीतरी बंदरं. त्यामुळे तो माणूस तुमच्या गावात कुठल्या वारी येतो ते सोसायटीत विचारून घ्या आणि त्याच दिवशी जा.

दुसरं काम: कागद जिवंत ठेवायचे

हा सगळ्यात मोठा भाग आहे, घाई करू नका.

२०१९ मध्ये ऑक्टोबरला क्यार आणि लगेच नोव्हेंबरला महा अशी दोन वादळं लागोपाठ आली, ऐन सीझनचे दिवस पाण्यात गेले. राज्य सरकारने त्यावर २०२० च्या ऑगस्टमध्ये ६५ कोटींच्या आसपासचं पॅकेज काढलं, त्यात बोटवाल्यांना मदत होती आणि मासे विकणाऱ्या बायकांना शीतपेट्यांसाठीही पैसे होते. आमच्या आळीतल्या एका काकांचं नाव यादीत आलंच नाही. बोट खरी, नुकसान खरं, खलाशी घरी बसलेले खरे. पण बोट अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होती आणि परवाना मुदत संपून पडलेला. काका बिचारे म्हणाले "सगळ्या गावाला माहितेय बोट माझीये". गावाला माहितेय हो, यादी बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरला माहीत नाही.

तर बोटीच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि नवीन लोक त्या एकच समजतात. एक बोटीची नोंदणी, जी आता रिअलक्राफ्ट नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर होते आणि जिच्यातून तुम्हाला आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नंबर मिळतो. दुसरा मासेमारीचा परवाना, जो ठरावीक मुदतीचा असतो आणि रिन्यू करावा लागतो, आणि त्यावर कुठल्या जाळ्याने मासेमारी करणार तेही लिहिलेलं असतं. परवाना डोल जाळ्याचा आणि बोटीवर जाळं वेगळंच, असं असेल तर दंड तर होतोच, वर मदतीच्या वेळी तोच मुद्दा काढून फाइल बाजूला पडते.

बोट आजोबा-वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद करून ती नावावर करा, भावाभावांत बोलणं झालेलं नसेल तर ते आधी करा, मला माहितेय घरात हा विषय काढणं जड जातं पण बाबा असतानाच काढलेला बरा.

मग नावाचं स्पेलिंग. हसू नका, सगळ्यात जास्त फाइली मी यावर अडकलेल्या बघितल्यात. आधारवर एक नाव, बोटीच्या कागदावर घरातलं लाडाचं नाव, सोसायटीच्या रजिस्टरात आडनाव वेगळं आणि बँकेत वडिलांचं नाव मधे नाहीच. एक संध्याकाळ बसा, सगळे कागद जमिनीवर पसरा, नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर एकसारखे आहेत का ते बघा, नसतील तर आधार धरून बाकीचे दुरुस्त करून घ्या. मोबाइल नंबर तर बघाच, पोरांनी नंबर बदललेला असतो आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो.

खलाशांचे कागदही मालकानेच बघायचे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे मच्छीमार बोट पळवून समुद्रातून आले, आणि त्यानंतर आपल्यावर तपासण्या वाढल्या, ओळखपत्रं आली, टोकन आलं. जुन्या लोकांना ते अजून लागतं, की इतकी वर्षं समुद्रावर नजर आपण ठेवली आणि चोरासारखे कागद आपल्यालाच विचारतात. त्यांचं वाईट वाटणं मला पटतं. पण टोकन म्हणजे तुम्ही कुठल्या तारखेला, किती माणसं घेऊन बाहेर गेलात याची सरकारी नोंद आहे, आणि माणूस समुद्रात गेला तर त्याच्या घरच्यांना विम्यासाठी हीच नोंद कामाला येते. टोकन न घेता जाऊ नका, परत आल्यावर द्यायला विसरू नका.

शेवटचं या भागातलं, एनएफडीपी. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केलेलं हे डिजिटल पोर्टल आहे, मच्छीमार, विक्रेत्या, खलाशी, सुकी मासळी करणारे सगळे यात नोंद करू शकतात, सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या सेंटरवर होतं. आमच्याकडे बायकांनी आधी नोंद केलीच नाही, म्हणाल्या बोट कुठे आमच्या नावावर आहे. बोट लागत नाही. मावरं विकणारी बाई मत्स्यव्यवसायातच आहे, तिची वेगळी नोंद करा.

तिसरं: डिझेल

याचं गणित असं. बोटीचं डिझेल आपण भरतो तेव्हा त्यात राज्याचा विक्रीकर, म्हणजे आताचा व्हॅट, भरलेला असतो. शासन तो कर यांत्रिक बोटींना परत करतं. म्हणून त्याला परतावा म्हणतात, अनुदान म्हणून त्याच्याकडे बघायची गरज नाही, खिशातून गेलेलेच पैसे परत येतात. नवीन पोरांना मी हे मुद्दाम सांगते कारण ऑफिसात जाताना आपण हात जोडून जातो, तसं जायचं कारण नाहीये. नीट बोलायचं, पण हक्काचं मागतोय हे डोक्यात असू द्या.

यासाठी लागतं काय, तर मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व, बोटीची नोंदणी, चालू परवाना, आणि विभागाने तुमच्या बोटीला मंजूर केलेला कोटा. सोसायटीच्या पंपावर डिझेल घेतलं की बिल घ्या. मी आमच्या इथे प्रत्येक बोटीला दोनशे पानी वही करायला लावलीय, तारीख, लिटर, बिल नंबर, टोकन नंबर, किती दिवस बाहेर, काय मावरं आलं, कितीला गेलं. सुरुवातीला नाखवा मंडळी वैतागली, "आम्ही काय शाळेत आहोत का". मग एका वर्षी परताव्याच्या यादीत आमच्या तीन बोटींचे लिटर कमी लागले होते. मी नुसत्या वह्या घेऊन गेले. समोरच्या क्लार्कने बिल नंबर एकेक करून त्यांच्या शीटवर टिक केले, दोन महिन्यांची बिलं त्यांच्याकडे चढलीच नव्हती, आणि त्यानेच अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. आवाज कुणाचाच चढला नाही त्या दिवशी. त्यानंतर तो माणूस आमच्या सोसायटीचे कागद आले की आधी बघतो, कारण आमचे आकडे जुळतात हे त्याला माहिती झालंय.

पैसे येतील तेव्हा येतील, उशीर होतोच आणि त्यावर संघटनेने बोललंच पाहिजे. पण परताव्याच्या भरवशावर सीझनचं गणित मांडू नका.

चौथं: नवीन काही घ्यायचंय, कर्ज हवंय

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, २०,०५० कोटींची, पाच वर्षांसाठी होती आणि नंतर २०२५-२६ पर्यंत वाढवली. यात व्यक्तीला मिळणारी मदत अशी असते, सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांना ६० टक्के. उदाहरण घ्या, शीतपेटी लावलेल्या मोटरसायकलचा योजनेतला खर्च ७५ हजार धरलाय, बाईच्या नावाने अर्ज केला तर ४५ हजार बसतात, पुरुषाच्या नावाने ३० हजार. पेटीची तीनचाकी ३ लाख धरलीय. पारंपरिक मच्छीमारांना बोट आणि जाळी घ्यायला ५ लाखांचं युनिट आहे. खोल समुद्रातली मोठी बोट १ कोटी २० लाखांची, पण ती पहिल्याच वर्षी मनात आणू नका, त्यातली उरलेली रक्कम उभी करताना घरं गहाण पडतात.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, कोळी म्हटलं की एसटी, असं समजून ६० टक्क्यांचा हिशेब करतात. महादेव कोळी, मल्हार कोळी हे अनुसूचित जमातीत आहेत, आपण सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात येतो, त्यामुळे पुरुषाला ४० टक्केच. दुसरं, अनुदान हे बहुतेक वेळा वस्तू घेतल्यावर, तपासणी झाल्यावर खात्यात येतं, म्हणजे आधी पैसे आपले. त्यासाठी सावकाराकडून किंवा दलालाकडून उचल घेतली तर अनुदान येईपर्यंत मावरं त्याच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने द्यावं लागतं, आणि मग मदत नक्की कुणाला झाली ते सांगायला नको. म्हणून अर्ज करायच्या आधी बँकेत जा.

बँकेत काय, तर किसान क्रेडिट कार्ड. नाव किसान असलं तरी २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही आहे. बर्फ, डिझेल, जाळी दुरुस्ती, खलाशांची उचल यासाठीचं खेळतं भांडवल. व्याज ७ टक्के आणि वेळेवर फेडलं तर सवलत मिळून ४ टक्के पडतं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण लागत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही एखाद्या शाखेत तुम्हाला सातबारा मागतील, माझ्याकडेच मागितला होता, मी म्हटलं साहेब आमचा सातबारा भरतीला पाण्याखाली असतो. अर्ज लेखी द्या, त्यावर पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितलं की मॅनेजरला बोलावलं जातं आणि काम पुढे सरकतं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे कर्ज, विमा, वीज यात शेतकऱ्यासारख्या सवलती. निर्णय चांगला आहे, वर्षानुवर्षांची मागणी होती. तुमच्या बँकेत, वीज ऑफिसात तो पोचलाय का ते विचारत राहणं हे आपलं काम, जीआरची प्रत फाइलला लावूनच जा.

पाचवं: विमा आणि वादळ

मत्स्य संपदा योजनेतच गट अपघात विमा आहे. १८ ते ७० वयाच्या मच्छीमाराला, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्याला २५ हजार. हप्ता केंद्र आणि राज्य भरतं, आपल्याला एक रुपया नाही. फक्त नाव यादीत असावं लागतं. बाहेरगावाहून आलेल्या खलाशांची नावं सोसायटीने घातली नाहीत तर ती राहतातच, आणि त्या माणसाची बायको कुठल्यातरी लांबच्या गावात असते, तिला इथलं काही माहीत नसतं. प्लीज त्यांची नावं घाला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच अंगावर आलं. बोटी बंदीमुळे वर ओढून शाकारलेल्या होत्या, तरी फुटल्या. पत्रे उडाले, जाळी कुठल्याकुठे. त्या दिवसानंतर लोक लगेच साफसफाईला लागले, साहजिकच आहे, समोर पसारा बघवत नाही. पण पंचनामा होईपर्यंत थांबता आलं नाही तर निदान फोटो काढून ठेवा, बोटीचा नंबर दिसेल असा एक, तुटलेल्या भागाचा जवळून एक, आणि शेजारची ओळखीची खूण दिसेल असा लांबून एक. फोनचं लोकेशन चालू ठेवा. पंचनाम्यावर सही करायच्या आधी वाचा, आमच्याकडे पूर्ण फुटलेली बोट "अंशतः" म्हणून लिहिली गेली होती आणि घाईत सही झाली, पुढे ते बदलायला फार त्रास झाला.

बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोट बाहेर नेऊन अपघात झाला तर भरपाई मिळत नाही, हे दरवर्षीच्या आदेशात लिहिलेलं असतं. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही. आपल्यातले बरेच जण तर म्हणतात बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, पूर्वी नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय कुणी दर्यात जात नव्हतं, मीही त्याच मताची आहे.

आता भरवशाचं

कागद झाले. पण समजा सगळं नीट आहे तरी मन बसत नाही, का? कारण समोरचा आपल्याला विचारतच नाही असं वाटतं. डहाणूजवळच्या वाढवणचं बघा. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने बंदराला नाही म्हटलं, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून हो म्हटलं, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला ७६ हजार कोटींच्या या बंदराची पायाभरणी झाली. त्याच दिवशी त्याच कार्यक्रमात बोटींवर १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजनाही सुरू झाली, जी आपल्या जिवासाठी चांगली आहे, नेटवर्क नसताना बोटीवरून मदत मागता येते. पण ज्याच्या मासेमारीच्या जागेवर भराव पडणार आहे तो म्हणतो आधी जागा घेता आणि मग वर माझ्या बोटीवर डबा बसवून मी कुठे आहे ते बघता? मी ट्रान्सपॉन्डर बसवा असंच सांगते, बाबांच्या बोटीवर चान्स आला की बसवणार. पण त्या माणसाचा प्रश्न अडाणी नाहीये, आणि त्याला अडाणी समजणारा अधिकारी आला की काम बिघडतं.

उलट्या बाजूचं वरळी. कोस्टल रोडच्या पुलाखालून क्लीव्हलँड बंदराच्या बोटींना जायची वाट, पालिकेने दोन खांबांत ६० मीटर ठेवलेले. वरळीकर म्हणाले लाटांत, वाऱ्यात एवढ्यातून बोट निघत नाही, १६० द्या. काम अडवलं, कोर्टकचेरी, बैठका, सगळं झालं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर मान्य झालं, मधला एक खांब काढून. सगळं मिळालं नाही, पण रेखाटलेला खांब कोळ्यांच्या सांगण्यावरून निघाला. तुम्ही कमिटीत असाल तर यातलं काय घ्यायचं, तर "आमचं नुकसान होतं" एवढ्यावर थांबू नका, मीटरमध्ये बोला. किती बोटी, किती रुंद, कुठल्या वाऱ्याला, महिन्यातून किती दिवस. ती दोनशे पानी वही इथे पण कामाला येते, भरपाई मागताना पूर्वी काय मावरं येत होतं हे दाखवायला दुसरं काहीच नसतं आपल्याकडे.

आणि कासवांची गोष्ट. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात असं आहे की जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला, म्हणजे कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, आणि तुम्ही जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याचे २५ हजारांपर्यंत पैसे मिळतात, मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष मिळून. पूर्वी काय व्हायचं, कासव अडकलं की लोक घाबरायचे, कुणाला सांगितलं तर आपल्यावरच केस, म्हणून गप्प. आता बोटीवरची पोरं फोन काढतात.

आमच्या बोटीवर झालं ते सांगते. पहाटे जाळं ओढताना जड लागलं, वर आलं तर हे मोठं कासव, पुढचा पाय जाळ्यात तीन वेढे अडकलेला, डोळ्यातून पाणी येतं ना त्यांच्या, तसं. बाबांनी सुरी काढली आणि एक मिनिट थांबले, जाळं नवीन होतं, आईच्या बचतगटाच्या कर्जाचं. मग कापलं. खलाशाने मोबाइलवर घेतलं, पहिल्यांदा अडकलेलं, मग कापताना, मग पाण्यात सोडल्यावर ते गेलं तिथपर्यंत. अर्ज, व्हिडिओ, बोटीची नोंदणी, परवाना, बँक पासबुक जोडून दिलं. काही महिन्यांनी पैसे खात्यात आले, जाळ्याची पूर्ण किंमत नव्हती, पण आले. बाबा, जे आयुष्यभर "सरकार देत नाय" म्हणत आले, ते पासबुक घेऊन दोन दिवस जेट्टीवर सगळ्यांना दाखवत होते. पुढच्या वेळी अडकलं तर विचार न करता कापतील. मला वाटतं खात्याने बाकी योजनाही अशा कराव्यात, काय पुरावा लागतो तो बोटीवरच्या माणसाला फोनवर काढता येईल असा, आणि पैसे थेट खात्यात.

आपल्या बाजूनेही देणं आहे. मासे ओढायला एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी केंद्राने २०१७ मध्येच बंद केलीय, राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक करून एलईडीला ५ ते २० लाखांपर्यंत दंड केला, कारवाईचे अधिकार तहसीलदाराकडून सहाय्यक आयुक्तांकडे आणले. पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाची बंधनं आहेत. जानेवारी २०२५ पासून नजर ठेवायला ड्रोन फिरतात. आपण लहान बोटवाले म्हणतो कारवाई मोठ्यांवर होत नाही, बऱ्याचदा बरोबर असतं ते. मग तारीख, वेळ, जागा, जमल्यास बोटीचा नंबर असं सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी काय केलं ते विचारा. आणि स्वतःच्या टोपलीत बोटाएवढी पापलेटं आणू नका. पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा झाला, सातपाटीच्या लोकांनी ती मागणी लावून धरली होती, त्याच वर्षी ५४ जातींची किमान लांबी ठरली, पापलेटाची साडेतेरा सेंटिमीटर. आई आता लहान पापलेट लिलावात घेतच नाही, गिऱ्हाईक मागतं तरी नाही म्हणते, आणि दोघी-तिघींनी तिचं बघून बंद केलं.

फाइल अडली तर

भांडायच्या आधी हे करा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत असते, मुदतीत काम झालं नाही तर दोन अपिलं आणि नंतर आयोग, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार दंड. ते लागू नसेल तिथे माहितीचा अधिकार, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस. त्यात "माझं काम का केलं नाही" असं विचारू नका, "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्या" असं मागा. आणि हे तेव्हाच जमतं जेव्हा तुमच्याकडे मूळ अर्जाची पोच असते. एका ऑफिसात माझी आख्खी फाइल गहाळ झाली, अकरा लोकांचे अर्ज, पोच माझ्याकडे नव्हती कारण साहेब ओळखीचे होते आणि मागायला लाज वाटली. अकरा घरांत जाऊन पुन्हा सह्या घेतल्या मी. तेव्हापासून ओळख असो नसो, दोन प्रती नेते, एकीवर शिक्का घेते, आणि घेताना हसून घेते, त्यांनाही आता सवय झालीय, मी दिसले की शिक्का आधीच बाहेर काढतात.

हे सगळं करायला वेळ कधी, तर बंदीचे दोन महिने. जूनच्या पहिल्या आठवड्यात नावं-स्पेलिंगं जुळवा, परवाना रिन्यूला टाका, जुलैत बँक आणि विम्याची यादी, ३१ जुलैच्या आत खलाशांची कार्डं बघून घ्या. जाळी विणायला अंगणात सगळे बसतातच, तिथेच मधे पिशवी घेऊन बसा, एकेकाचे कागद वाचत जा, आणि बायकांचे आधी घ्या, त्या स्वतःहून पुढे करणार नाहीत.